ओली घोंगडी

परवा वाळत घातलेल्या घोंगडीचा ओला वास आला आणि आमचं औंधचं तट्टू आठवलं. पौषात त्याच्या अंगावर दाट केस वाढायचे. यात्रेची माणसं टांग्यातून वाहून ते घामानं निथळत परतलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, "आवं, केसं कातरा त्येची."

"थंडीत उघडं पाडू व्हय? त्येचं पांघरूण हाय त्ये."

मग मीच मायेनं त्या ओल्या अंगावर घोंगडी टाकून करकचून बांधली. आधी अंग पुसून कोरडं करायचं असतं, हे तट्टू गेल्यावर कळलं.

सकाळी ते थरथरत होतं. मान वळवून सारखं पाठीवरच्या घोंगडीकडं, मग माझ्याकडं बघत होतं. मला वाटलं, आणखी मागतंय. मी दुसरी घोंगडी आणून टाकली.