बावन्न नंबरची भाची

आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेत ब्राँझपदक मिळालं त्या दिवसापासून सावळी निरगुडाने धावणं सोडलं ते सोडलंच. लोक म्हणाले, पोरगी चढून गेली. शेणव्याच्या एसटी थांब्यावरच्या हॉटेलात तर असंही ठरलं, की तिला सरकारने मुंबईत फ्लॅट दिलाय आणि ती लपवतेय. खरी गोष्ट वेगळीच होती. आपण परदेशात जाऊन एका बाईचा जीव घेऊन आलोय, अशी सावळीची पक्की खात्री होती. अशा माणसाला कुणी फ्लॅट दिला तरी तो त्यात बसून काय करणार?

हे नीट सांगायचं तर उंबरपाड्याच्या वाटेपासून सुरुवात करावी लागते. शेणव्याच्या वर डोंगराच्या सोंडेवर अठरा घरांचा हा पाडा. खाली यायला एकच वाट, तीही एका पावलापुरती. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्या. बाया डोक्यावर मोळ्या घेऊन खाली निघाल्या की सगळ्यांत मोठी पुढे आणि मग वयाने ज्या त्या मागे. मोठीने स्वतः बाजूला सरून “हो गो पुढं” म्हटल्याशिवाय लहानीने तिला ओलांडायचं नाही. ओलांडलं तर पुढचा भात कापायच्या आत मोठी मरते, आणि तिची उरलेली वर्षं ओलांडणारीच्या पायांत उतरतात. पाड्यावर याला नेम म्हणत. शाळेतल्या मास्तरांनी शिकवलेलं सगळं पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जात, हा नेम मात्र कुणी विसरत नसे.

सावळी दहा वर्षांची असताना विसरली. वैशाख होता, खाली शेणव्यात लग्नाचा बँड वाजत होता आणि पुढे तिची आई, ठकू, मोळी सांभाळत सावकाश उतरत होती. पोरीला दम निघेना. ती करवंदीच्या जाळीतून ओरबाडे काढून घेत आईच्या बगलेखालून पुढे सटकली आणि थेट बँडसमोर जाऊन उभी राहिली. भादव्यात ठकू तापाने आजारी पडली आणि पाच दिवसांत गेली. शेतात भात अजून हिरवं होतं. कुणी पोरीला बोललं नाही. पण पुढे ती वाऱ्यासारखी पळायला लागली तेव्हा बाया एकमेकींत म्हणायच्या, “पलंल नाय तं काय. तिच्या पायात ठकूची वर्सं हायत ना.” हे सावळीने ऐकलं होतं. किती वेळा ऐकलं होतं ते तिलाच माहीत.

तिच्या पळण्याचा शोध लागला तो शाळेत, पंढरी विशे सरांना. सर मूळचे मुरबाडकडच्या टोकावड्याचे, खेळाचे शिक्षक, आणि शरीराने असे, की शिट्टी वाजवली तरी त्यांना बसायला खुर्ची लागे. ही पोरगी मधल्या सुट्टीत घरी जाऊन शेळीला पाला टाकून येते असं त्यांच्या कानावर आलं. थापा मारते म्हणून ते एक दिवस तिच्या मागे निघाले. पोरगी घंटेच्या आत वर्गात परत आली. सर दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीत परतले.

तिथून पुढची आठ-दहा वर्षं सरांनी तिचा पिच्छा सोडला नाही. तालुका झाला, जिल्हा झाला, राज्य झालं. सावळी बंदुकीच्या आवाजाबरोबर जिवाच्या आकांताने सुटायची, पहिल्या शंभर मीटरमध्येच सगळ्यांच्या पुढे जायची आणि शेवटपर्यंत पुढेच राहायची. वर्तमानपत्रांत तिच्या ‘आक्रमक सुरुवातीचं’ कौतुक छापून आलं. सरांनी ती कात्रणं वहीत चिकटवली. आक्रमक कसली! रुंद माळावर नेम लागत नाही, पुढे दोन दोऱ्यांमधली वाट सुरू झाली की लागतो. वाट सुरू व्हायच्या आत सगळ्या मोठ्या बायांच्या पुढे पोचायचं, एवढाच तिचा डाव होता.

शहाण्णव साली निवड चाचणीत तिला सुरुवातीलाच कुणाचं तरी कोपर लागलं आणि ती मागे पडली. मग सहा किलोमीटर ती एका पस्तिशीच्या पोलीस बाईच्या मागे, पाच पावलांवरून, आरामात धावत राहिली. निवड झाली, पण कशीबशी.

“दम लागला होता का गं?” सरांनी विचारलं.

“नाय.”

“पाय दुखत होता?”

“नाय. त्या मोठ्या हायत ना सर. वाट नाय दिली त्यांनी.”

मग सरांना सगळं कळलं. आईचं ऐकून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण दीड महिन्यावर आशियाई स्पर्धा होती, आणि गप्प बसणं हे सरांच्या स्वभावात तसं कमीच. त्यांनी स्पर्धकांची जन्मतारखांसकट यादी मिळवली. सावळीच्या बरोबरीने पळू शकतील अशा पाच बाया तिच्याहून मोठ्या निघाल्या. त्यांतली सगळ्यांत मोठी, कझाकस्तानची बावन्न नंबरची, अडतीस वर्षांची होती. ती यादी खिशात घालून सर तीन ठिकाणी बसत बसत उंबरपाडा चढून गेले, पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या लखमाकडे.

“बाबा, परदेशातल्या बाईला आपला नेम कसा लागेल?”

लखमाने विडी विझवून कानावर ठेवली. “नेम बाईला नाय, वाटंला हाय. तकडं वाट हाय का?”

“आहे. पण चांगली दहा हात रुंद.”

“दोन अंगानी दोरी हाय ना?” सावळी मध्येच म्हणाली. “मंग वाटच की ती.”

लखमाने मान हलवली. झालं, आशिया खंडाला नेम लागू झाला. सर घाम पुसत बसले. पण लखमा कानावरची विडी परत पेटवून म्हणाला, “एक हाय. ज्या बाईला आपल्या शेतातला भात आपल्या हातानं भरवला, ती आपली भाची. मंग ती म्हातारी का असंना. आत्यानं भाचीला ओलांडलं तं कोन कशाला मरंल?”

सरांनी त्याचे पाय धरले. क्रीडाशास्त्राच्या कुठल्याही शिबिरात त्यांना इतका उपयोगी सल्ला मिळाला नव्हता.

अशा रीतीने भारतीय संघाच्या सामानात दोन शेर उंबरपाड्याचे तांदूळ परदेशी गेले. विमानतळावर अधिकाऱ्याने पुरचुंडी उघडून विचारलं, हे काय? सर म्हणाले, “नातेवाईकांसाठी आहे.” स्वतःच्या खर्चाने, टोकावड्याची जमीन गहाण न टाकता पण बायकोच्या फुगलेल्या तोंडाकडे न बघता ते बरोबर आले होते. हॉटेलच्या खानसाम्याला हातवारे करून सावळीने भात शिजवला आणि शर्यतीच्या आदल्या दुपारी, सगळ्या देशांच्या बाया जेवायला बसल्या असताना, ती परात घेऊन टेबलांमधून निघाली.

आता हे लक्षात घ्या, की या बाया अनोळखी माणसाने दिलेलं पाणीसुद्धा पीत नाहीत. कुणी त्यात काही घालून दिलं आणि उत्तेजक चाचणीत सापडलं, तर साऱ्या आयुष्याची माती. आणि इथे एक काळीसावळी, शिडशिडीत बाई हाताने भाताचा गोळा करून तोंडासमोर धरतेय आणि मायेने म्हणतेय, “खा गो बाय.” आपल्या संघाच्या व्यवस्थापिका बाईंनी कपाळावर हात मारला. पण सावळीच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की पाचही जणींनी बावरून तोंड उघडलं. बावन्न नंबरच्या बाईने तर घास घेतल्यावर तिचा हात दाबला. सावळीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. भाचीच ती.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि चिखल. पाच भाच्यांपैकी दोघी सुरुवातीपासून मागे राहिल्या, त्यांचा प्रश्नच आला नाही. दोघी इतक्या पुढे गेल्या, की त्यांना ओलांडायला देवही उतरला नसता. राहिली बावन्न नंबरची. ती तिसरी, सावळी चौथी. पाच किलोमीटर सावळी तिच्या पाठीमागे होती. समोर ती वाकलेली पाठ, चिखलाने माखलेल्या पोटऱ्या, आणि सावळीच्या छातीत तेच, करवंदीची जाळी आणि बँड. दोरीबाहेर सर धापा टाकत पळत होते, म्हणजे उभ्या जागी हात हलवत होते. “भाची आहे गं ती! भाची आहे!” शेवटच्या चढाला सावळीने डोळे मिटले, “सरक गो भाचे!” असं ओरडली आणि पुढे निघून गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने वाटेवर कुणाला ओलांडलं होतं.

पदक गळ्यात पडलं. सावळी रडली, हसली, सरांच्या पाया पडली. सर स्वतःच इतके रडत होते, की आशीर्वाद द्यायचं राहून गेलं. तेवढ्यात बावन्न नंबरची बाई दुभाष्याला घेऊन अभिनंदन करायला आली. माणूस चांगलं होतं, तेच घात करून गेलं. ती ओशाळून हसली, कोटाच्या खिशातून कागदी रुमालाची घडी काढली आणि उघडली. आत भाताचा घास होता, सुकलेला.

दुभाष्या इंग्रजीत म्हणाला, “त्या माफी मागताहेत. चाचणीच्या भीतीने गिळला नाही. पण तुम्ही इतक्या प्रेमाने दिला, म्हणून टाकवला नाही.”

सरांनी हे भाषांतर करायला नको होतं. त्यांनी ते केलं.

सावळीने गळ्यातलं पदक काढलं आणि त्या बाईच्या गळ्यात घालायला धावली. ती बाई मागे सरली, ही पुढे. बिचारीला वाटलं, हा भारतातला मान द्यायचा प्रकार असेल. तिने वाकून सावळीचे दोन्ही गाल चुंबले, पदक परत हिच्या हातात दिलं आणि बसमध्ये चढली. बस निघाली तशी सावळी तिच्या मागे धावत सुटली. त्या दिवशीचं तिचं सगळ्यांत वेगवान धावणं तेच असावं, पण ते कुणी मोजलं नाही.

शहापुरात ट्रकवरून मिरवणूक निघाली. सतरा शाली, अकरा नारळ. सत्काराच्या मंडपात सावळी मर्तिकाला बसल्यासारखी बसली होती. पाहुण्यांनी तिच्या विनयाचा गौरव केला. घरी येऊन तिने पदक सरांच्या हातात ठेवलं. म्हणाली, “तुमी ठेवा. माज्या घरात नको.” त्या वर्षी कार्तिकात पाड्यावर भात कापलं, तेव्हा ती विळा घेऊन बांधावर नुसती उभी राहिली. बायांनी विचारलं तर म्हणाली, “ती गेली असंल आतापोत.”

सरांनी पत्रं धाडली. त्या देशाच्या वकिलातीला, महासंघाला, दुभाष्याला. महासंघाचं उत्तर आलं: सौ. निरगुडा यांनी ट्रॅकसूट अद्याप परत केलेला नाही. सौ. ती तेव्हा झालेलीही नव्हती. पुढे झाली. शेणव्यातल्या रोशनशी लग्न झालं, आश्रमशाळेत स्वयंपाकीण म्हणून लागली, दोन पोरं झाली. पोरांच्या मागेसुद्धा ती कधी धावली नाही. एसटी सुटत असली तरी चालत जायची, आणि एसटी निघून जायची. “हे पाय माजे नायत,” ती रोशनला एकदा म्हणाली होती. “आदी आयची वर्सं घेतली, मंग त्या बाईची. आता आनखी वापरू का त्यांना?” रोशनने तिला सायकल घेऊन दिली.

दोन हजार पाचच्या दिवाळीआधी शहापूर स्टँडसमोर कॉम्प्युटरची टपरीवजा खोली निघाली. तासाला वीस रुपये. विशे सर निवृत्त झाले होते आणि त्यांना उद्योग नव्हता. एक दिवस ते सावळीला शाळेतून, हाताला पीठ लागलेलं असतानाच, घेऊन आले. खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक सरांनाच पुरली. सरांनी जुन्या डायरीतून बावन्न नंबरच्या बाईचं नाव एका बोटाने टाइप केलं. वीस मिनिटं गेली. मग पडद्यावर वरून खाली, हळूहळू, एक फोटो उतरायला लागला.

आधी पांढरे केस आले. मग कपाळ, मग सुरकुतलेले, आक्रसलेले डोळे. मग उघडं तोंड आणि छातीवरचा नंबर. पोटऱ्या यायला तर फार वेळ लागला, पण सावळीने त्या लगेच ओळखल्या.

“सत्तेचाळीस वर्षांची,” सर चष्मा वर करून वाचायला लागले. “वयस्कांची स्पर्धा. गेल्या महिन्यातली. पहिली आलीय बघ.”

सावळी पडद्याच्या अगदी जवळ गेली. “मेली नाय?”

“मेलेलं माणूस पहिलं कसं येईल गं?”

“नऊ भात झालं सर.” तिने बोटांवर मोजलं आणि परत मोजलं. “घास नाय खाल्ला तिनं. वाट नाय दिली. आनं नऊ भात झालं.”

सर हसत होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की ही हसत नाहीये. ती खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होती. पिठाचा हात तिने गुडघ्यावर घट्ट धरला होता.

“मंग आय तापानंच गेली, सर,” सावळी म्हणाली. “आनं पाय माजेच व्हते.”