प्रबंधांच्या खोलीत बिडी शोधली तेव्हा

आमच्या घरी पावसाळ्याचे महिने बिडीवर निघायचे. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलायचे, पण नवा धान येईपर्यंत मिल बंद आणि बाबा घरीच. मग माय, मी आणि माझी बहीण मांडीवर सूप घेऊन दाराशी बसायचो. भिजवलेलं तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, सूत बांधायचं. संध्याकाळी सारा माल सट्टेदाराच्या ओसरीवर न्यायचा. सट्टेदार म्हणजे कारखान्याचं पान-तंबाखू आम्हाला देणारा आणि तयार बिडी परत घेणारा मधला माणूस. तो बिड्यांची एकेक जुडी, म्हणजे कट्टा, अंगठ्यानं दाबून पाही आणि त्यातल्या काही बिड्या बाजूला टाकी. याला छाट म्हणत. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी नाही, आणि ती बिडी परतही नाही. का टाकली, हे विचारायची पद्धत नव्हती.

मायचे डोळे अधू होत गेले तशी आमची छाट वाढत गेली. मी कॉलेजात होते ते दिवस हे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजातून मी बी.ए. झाले. आमच्या घरात आणि लांजीकडच्या माझ्या आजोळात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला आजही लाज नाही, अभिमानच आहे. पुढे एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं. शेवटच्या वर्षी, बरे गुण असणाऱ्यांना एका पेपरऐवजी लघुप्रबंध लिहिता यायचा. त्या पेपरची पुस्तकं बालाघाटात मिळत नव्हती आणि मागवायची आमची ऐपत नव्हती. म्हणून मी प्रबंध घेतला. मायनं तेव्हाच सांगून ठेवलं, "एक साल आणखी वळतो मी. त्याच्यापुढं डोळे नाही म्हणून राह्यले. जे करायचं ते याच सालात कर."

म्हणजे नापास व्हायची सोय नव्हती.

संशोधन म्हणजे काहीतरी मोठं, दूरचं, अशी माझी पक्की समजूत. मी विषय लिहून नेला: प्राचीन भारताचा समुद्री व्यापार. आमचे सर हिंदीतच बोलायचे. त्यांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"समुद्र देखा है?"

"नहीं सर."

"वैनगंगा देखी है?"

"रोज देखती हूँ, सर."

वर्गातल्या दोघी-तिघी खुसखुसल्या. सरांनी तिथल्या तिथे विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. लोकांनी आजवर कशाकशावर लिहिलंय ते बघून ये, म्हणाले. आठ दिवसांत दुसरा विषय आणला नाहीस, तर पेपर लिही.

विद्यापीठ जबलपूरला. छोट्या रुळांवरच्या गाडीनं तिथे गेले. बाबांच्या सोबतच्या हमालाची बहीण तिथे राहायची, तिच्याकडे उतरले. एवढ्या मोठ्या विद्वानांच्या कामात मी काय बघणार, आणि बघून मला काय समजणार?

शोधप्रबंधांची खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला होती. तिथे एक पिकल्या केसांचे कर्मचारी बसलेले. चिठ्ठी वाचून त्यांनी मराठीतच विचारलं, "बालाघाटची का वं? आमची सोयरीक आहे तिकडं. जा, हात धुऊन ये. आणि पानं थुंकी लावून उलटवशील तर पहिले मले सांग, मी दार लावून घेतो."

मी हात धुऊन आले आणि त्यांनी पहिलं कपाट उघडलं.

मला वाटलं होतं, राजे-महाराजे असतील, वेदान्त असेल. ते होतंच. पण त्याच्या शेजारी बेडकाच्या यकृतावर दोन जाड खंड होते. बैलाच्या मानेला जोखडानं होणाऱ्या जखमांवर कुणी चार वर्षं घालवली होती. पळसावरच्या लाखेच्या किड्यांवर एक, मॅंगनीजच्या खडकांवर एक, जुन्या विहिरींच्या चुन्यावर एक. एका तहसिलीतली मुलं चौथीनंतर शाळा का सोडतात, हे घरोघर फिरून विचारलेलं. लग्नातल्या शिव्यांची गाणी एका बाईंनी जमवली होती, आणि प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं होतं की गाणाऱ्या म्हाताऱ्यांनी आधी शिव्या खुद्द त्यांनाच दिल्या, मग उतरवून घेऊ दिल्या. भाताच्या करप्यावरच्या प्रबंधात वाळलेलं खरं पान चिकटवलेलं होतं. काही नकाशे हातानं काढलेले, त्यातली नदी निळ्या शाईनं रंगवताना काठाबाहेर गेलेली.

एक प्रबंध मी उभ्या-उभ्याच वाचत राहिले. सिंचनाचं पाणी आलं की शेतमजूर गाव सोडत नाहीत, असं धरून एका माणसानं काम सुरू केलं होतं. शेवटच्या प्रकरणात त्यानं सरळ लिहिलं होतं: माझा अंदाज चुकला. त्याखाली परीक्षकांची मान्यता होती.

मी पुन्हा वाचलं. मग त्या कर्मचाऱ्यांना नेऊन दाखवलं. "काका, हा चुकला, तरी पास झाला?"

"काहून नाही होणार? चुकला कसा ते त्यानं बरोबर सांगितलं ना."

छातीवरचं ओझं तिथे उतरलं. मोठा विषय लागतो, हेही खोटं आणि आपलं म्हणणं खरंच ठरावं लागतं, हेही खोटं. काय पाहिलं ते नीट सांगावं लागतं, एवढंच.

मग मी कार्डांचे खण उघडून बिडी शोधू लागले. तेंदूपानावर वनस्पतिशास्त्रातलं काम होतं. तंबाखूवर रसायनशास्त्राचं होतं. फुप्फुसांवर वैद्यकीवाल्यांनी लिहिलं होतं, कामगार कायद्यावर वकिलीवाल्यांनी. पानाच्या लिलावावर आमच्या अर्थशास्त्राचंही एक होतं. छाटीवर मात्र एकही कार्ड नव्हतं. पान होतं, तंबाखू होता, धूर होता, कायदा होता. वळणारी बाई मधूनच गळाली होती.

परत येऊन सरांना सांगितलं, मी छाटीवर लिहीन.

"छाट? यह भी कोई विषय हुआ?"

तिथल्या कपाटांत काय आहे आणि काय नाही, ते मी सांगितलं. सर ऐकत राहिले. मग त्यांनी कागद ओढून वर लिहिलं: बीड़ी उद्योग में अस्वीकृति की प्रथा. "अब विषय हो गया," म्हणाले.

प्रश्नावली केली, सायक्लोस्टाइल करून आणली आणि आमच्या वॉर्डात घरोघर फिरले. सारी घरं माझ्या ओळखीची, त्यामुळे काम सोपं वाटलं. महिनाभरात सगळे फॉर्म भरून झाले. घरी पसरून बसले तर सगळ्यांवर एकच उत्तर. छाट होते का? नाही होत. सट्टेदार कसा आहे? देवमाणूस आहे. काही तक्रार? काही नाही, सारं बरोबर आहे.

ज्या बायांना मी ओसरीवरून डोळे पुसत परतताना पाहिलं होतं, त्यांचेच हे फॉर्म. वर्ष निम्मं संपलं होतं. मी कागदांवर डोकं टेकून रडायलाच लागले.

माय सूप घेऊन शेजारी बसली होती. "तू कागद घेऊन गेलतीस?"

"हौ."

"अन् त्यांच्यासमोर लिहून घेतलंस?"

"हौ. मग काय करू?"

"मंग काय सांगतीन वं त्या! कागदावर गेलेली गोष्ट सट्टेदाराच्या घरी पोचते, हे तुले मालूम नाही? तूच लहानपणी लेबरच्या साहेबाले सांगितलंतं ना, आमच्या घरी पोट्टे बिडी वळत नाहीत म्हणून. मांडीवर सूप होतं तुझ्या तेव्हा!"

रडता-रडता मला हसू फुटलं. आमच्या वॉर्डाची ही रीतच होती. कागद दिसला की सारं बरोबर. ती मी दूध पिता-पिता शिकले होते आणि दोन पुस्तकं वाचून विसरले होते.

दुसऱ्या दिवशी कागद घरी ठेवला, सूप घेतलं आणि शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन वळायला बसले. बी.ए. झाल्यापासून मी बिडीला हात लावला नव्हता. आता मोठी झाले, असं वाटायचं. बोटं विसरली होती.

काकूंनी माझी पहिली बिडी उचलून सगळ्यांना दाखवली. "पाहा वं बायांनो, एम.ए.वालीनं गाजर वळलं!"

"राहू दे, काकू. छाटीत गेलं तर माझं जाईल."

"तुझं काहून जाईन? तू सट्टेदाराले नमस्ते कर. नमस्तेवालीची छाट कमी."

आणि मग सगळ्याच बोलू लागल्या. सणाच्या आठवड्यात छाट वाढते. जिचा नवरा ओसरीवर जाऊन बसतो, तिची कमी होते. जी उलटून बोलते, तिची पुढचे आठ दिवस दुप्पट. छाटलेली बिडी नवं सूत लावून बाजारात जाते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मी रोज दुपारी बसायचे, ऐकायचे, घरी येऊन लगेच उतरवून काढायचे. कुणाचं नाव लिहायचं नाही, हे आमच्यात ठरलं होतं. माझ्या बिड्या सुधारल्या नाहीत, पण वही भरली.

प्रबंधात ते वाया गेलेले फॉर्मही मी टाकले, एक वेगळं प्रकरण करून. सर जरा घाबरले, पण त्यांनी ते काढायला लावलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं.

"ये सारे फॉर्म तो बेकार गए. छिपाए क्यों नहीं?"

"बेकार नहीं गए, सर. औरतें कितना डरती हैं, वही इनमें लिखा है."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीकडे पाहिलं. मग परीक्षक म्हणाले, "ठीक है, जाइए, चाय पीजिए." बाहेर येऊन मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

प्रबंध मान्य झाला. मी अर्थशास्त्रात एम.ए. झाले आणि त्याच जुलैत लालबर्र्याच्या शाळेत नोकरीला लागले. त्यानंतर मायनं बिडी वळली नाही.