शनिवारभर थांबलेला स्कॅन

बाबांच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी दोन चौकटी यायच्या. मशीन सुरू झालं की आधी एक, मग तिच्यावर दुसरी. दोन्हींत मजकूर एकच, इंग्रजीत: अमुक फाइल सापडत नाही. फाइलचं नाव म्हणजे कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यावर उमटतील तशी अक्षरं. बाबा दोन्हींखालचं ओके दाबायचे आणि कामाला लागायचे. हे काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "काही नाही ग. कसलीतरी फाइल मागतो. माझ्याकडे नाही म्हणून सांगितलं की गप्प बसतो."

असं सात-आठ महिने चाललं होतं. आई गेल्यापासून बाबा जुन्या पनवेलमधल्या घरात एकटे राहतात, मी रोडपालीला. आठवड्यातून दोनदा जाते, डबे भरून ठेवते, भांडते आणि परत येते. भांडायला आम्हा दोघांना कारण लागत नाही. पण या चौकटींवरून भांडायला हवं होतं आणि नेमकी तिथेच मी गप्प बसले. विम्याच्या ऑफिसात बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईला एवढं कळू नये? अजून स्वतःचा राग येतो.

त्या कॉम्प्युटरवर बाबांचं एकच काम होतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पनवेलात आमची पुष्कळ घरं होती, त्यातली बहुतेक इस्रायलला गेली. माणसं गेली, कबरी इथेच राहिल्या. बाबा निवृत्त झाल्यावर वही-पेन्सिल घेऊन कबरस्तानात जायला लागले. एकेका दगडासमोर बसून त्यावरची मराठी आणि हिब्रू अक्षरं उतरवून घ्यायची, घरी येऊन टाइप करायची. रांग कितवी, डावीकडून दगड कितवा, माणूस कोण, कधी गेला, आणि शेवटी शेरा. अकरा रांगा, चार वर्षं. मग तिकडून फोन यायला लागले, आमच्या आजोबांची कबर कुठे आहे हो? बाबा फाइल उघडायचे आणि स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखे ठणठणीत आवाजात सांगायचे, "तिसरी रांग, डावीकडून सातवी. दगड चांगला आहे, काळजी नसावी."

या हिवाळ्यात बाबांची मावसबहीण येणार होती. दहा वर्षांची असताना इस्रायलला गेली, आता सत्तरी ओलांडलेली. तिचा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होऊन इथेच गेला होता. त्याच्या कबरीवरचा दगड मागच्या पावसाळ्यात फुटला आणि कुणीतरी तुकडे उचलून नेले. आता ती जागा कुठली हे फक्त बाबांच्या फाइलीत होतं; टाइप करून झालेल्या वह्या ते रद्दीत द्यायचे. बाईंना फिरणाऱ्या ग्रुपमधून पनवेलसाठी मिळाली होती रविवारची एक सकाळ.

त्याआधीच्या गुरुवारी बाबांचा फोन आला. "फोल्डर उघडत नाही ग. दाबलं की तीच चौकट येते. कबरी गेल्या सगळ्या."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पोचले. बाबांनी आधीच एका दुरुस्तीवाल्याला बोलावून ठेवलं होतं. जवळच्या ओवे गावचा माणूस, पन्नाशीचा, हातात स्क्रू ड्रायव्हर. मागे झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर व्हायरस आला तेव्हा त्यानेच तो काढला होता. अर्धाच काढला होता, हे आता दिसत होतं. उरलेला अर्धा बाबांनी याच आठवड्यात तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावून घरी आणला.

"फॉरमॅट मारावा लागंल, ताई. दुसरा इलाज नाय."

"आणि आतल्या फाइली?"

"त्या आता कुठं हायत? तुमीच बघा ना, उघडत नाय."

बाबा मान हलवत होते. माणूस डॉक्टरसमोर हलवतो तशी. माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला चहा दिला आणि स्क्रू ड्रायव्हरसकट जिन्यापर्यंत पोचवलं. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागातल्या सहकाऱ्याला फोन लावला आणि तो बोलेल ते अक्षरन् अक्षर डायरीत उतरवून घेतलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. फोल्डर गेलेला नाही. या जातीचा व्हायरस खरा फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाची एक खोटी पाटी तिथे लावतो. पाटी दाबली की व्हायरस जागा होतो. व्हायरस काढला पण पाटी तशीच राहिली, की मशीन त्याला शोधत राहतं आणि सापडत नाही म्हणून चौकट दाखवतं. सकाळच्या दोन चौकटींचंही तेच. सुरू होताना कुणाकुणाला हाक मारायची त्या यादीत त्याचं नाव राहून गेलं होतं. "पण मॅडम, घाई करू नका. आधी पूर्ण स्कॅन. जे सापडेल ते काढा. मग ही एक ओळ टाइप करून लपवलेलं बाहेर आणा, शेवटी यादीतली नावं पुसा. क्रम चुकवलात तर सगळं पुन्हा करावं लागेल."

क्रम चुकवायचा नाही, मी डायरीत अधोरेखित केलं. दुपारी दोनला स्कॅन लावला. मशीन म्हातारं, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. साडेपाचला पंच्याऐंशी टक्के झाले होते. सूर्य मावळायला आला, तसे बाबा टोपी घालून उभे राहिले. मी आईच्या जागी उभं राहून दिवे लावले. शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू झाला; आता उद्या तारे दिसेपर्यंत काम बंद.

पंधरा मिनिटांनी मशीन टुंग करून वाजलं. स्कॅन संपला होता. पडद्यावर लिहिलं होतं, चार धोके सापडले, काढून टाकायचे का? खाली दोन बटणं, होय आणि नाही.

मी खुर्ची ओढली. माउसवर हात ठेवला.

"नको ग बाय," बाबा मागून म्हणाले, "आता उद्या संध्याकाळी."

आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावं आम्हाला शनिवार तेली म्हणायची. बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, पण शनिवारी कधी पेन उचललं नाही, त्यापायी बढती हुकली तरी. मी मात्र महिन्यातले दोन शनिवार ऑफिसात जाते, त्यांना ठाऊक आहे, आणि त्यावर ते एक अक्षर बोलत नाहीत.

"बाबा, एक बटण आहे. एक! तुम्ही नका दाबू, मी दाबते."

"दाब. मी तुला काही म्हणणार नाही. पण मग ती फाइल मी उघडणार नाही."

"आणि मध्येच वीज गेली तर? सगळा स्कॅन पहिल्यापासून! रविवारी सकाळी त्या बाई येणार आहेत!"

"गेली तर गेली."

असा माणूस तुमचा बाप असला की तुम्ही काय करणार? मी हात काढून घेतला. रागारागाने ताटं आदळत वाढली. पण ठरवलं, मुक्काम करायचा. तारा दिसेपर्यंत हलायचं नाही, आणि दिसला की एक मिनिट वाया घालवायचं नाही.

शनिवारी दिवसभर ती चौकट पडद्यावर उभी. होय, नाही. मी येता-जाता बघायची. दुपारी जेवणं झाल्यावर मला एक युक्ती सुचली. लिहायला बंदी आहे, बोलायला तर नाही. म्हटलं, "बाबा, चार वर्षं टाइप केलंत, निम्मं तरी पाठ असेल. म्हणून दाखवा. मी ध्यानात ठेवते. वीज गेलीच तर तेवढं तरी हाताशी राहील."

बाबा खूश झाले. पाय वर घेऊन बसले आणि पहिल्या रांगेपासून सुरू झाले. नावं मी इथे लिहीत नाही, ती त्या माणसांची आहेत. रेल्वेतले गार्ड. दवाखान्यातले कंपाउंडर, ज्यांच्या हाताचं इंजेक्शन दुखायचं नाही. पनवेलातली अर्धी बाळं जिच्या हातावर आली ती सुईण. दुसरी रांग, तिसरी रांग. कुणाच्या दगडावर कुठलं अक्षर चुकून उलटं कोरलंय तेसुद्धा. मी थक्क होऊन ऐकत होते. मनात म्हटलं, हा माणूस स्वतःच फाइल आहे, मी उगाच जीव काढतेय.

सहावी रांग आली. "पहिले मास्तर. मग त्यांची बायको. मग हॉस्पिटलातली नर्स. मग पोस्टातले हेडक्लार्क. झाली सहावी. आता सातवी..."

नर्स आणि हेडक्लार्क यांच्या मध्ये माझी आई आहे.

मला वाटलं, मुद्दाम टाळलं असेल. तोंडातून निघालं नसेल. मी हळूच म्हटलं, "बाबा, सहाव्या रांगेत अजून कुणी आहे ना? नर्सच्या शेजारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुःखी वगैरे नाही. नव्या माणसाने पत्ता विचारावा आणि आपल्याला माहीत नसावा, तसं अदबीने. "अजून कुणी आहे? असेल. फाइलीत बघून सांगतो."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर बाबा म्हणाले, "तुझ्या आईला या वेळी चहा लागायचा." आई आठवत होती, चहाची वेळसुद्धा. ती जिथे आहे ती जागा मात्र डोक्यातून पुसली गेली होती. मी चहाबद्दल काहीतरी बोलले. पण त्या क्षणापासून ती फाइल पाहुण्या बाईंसाठी राहिली नव्हती. ती मला हवी होती, काही झालं तरी हवी होती.

संध्याकाळी आम्ही गच्चीत गेलो. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. पहिला तारा म्हणून मी बोट दाखवलं तो सरकत सरकत नव्या विमानतळाकडे उतरायला लागला. बाबा खो खो हसले. मला हसू येईना. खरे तीन मोजून झाले, बाबांनी प्रार्थना म्हटली, आणि मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले.

होय.

चार धोके गेले. मग काळी खिडकी उघडून डायरीतली ओळ टाइप केली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोटाने दाखवत केली. खोट्या पाटीच्या शेजारी तिच्याच नावाचा एक फोल्डर उगवला. मी पाटी पुसली. यादीतली दोन वाकडी नावं काढली. तो पेन ड्राइव्ह बत्त्याने ठेचला, याची डायरीत सूचना नव्हती. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि बाबांना खुर्चीत बसवलं. पडदा उजळला. बाबांचा हात सवयीने माउसवर गेला, दाबायला काही नव्हतं.

"आज काही मागितलं नाही," बाबा म्हणाले.

ते तोंड धुवायला उठले तेव्हा मी फाइल उघडली आणि सरळ सहाव्या रांगेवर गेले. चौथी नोंद आईची. नाव, तारीख, सगळं नीट. शेऱ्याच्या रकान्यात इतरांच्या पुढे 'दगडाला तडा', 'अक्षरं पुसट' असलं काहीबाही आहे. आईच्या पुढे लिहिलं होतं: 'ही तुझी बायको. दर महिन्याला जायचं. आठवलं नाही तर इथे बघ. मुलीला विचारू नकोस, ती रडेल.'

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून कोण जाणे. एकटे बसून, एकेक अक्षर शोधून टाइप करून, त्यांनी स्वतःची सोय करून ठेवली होती, आणि मी डबे भरून, भांडून परत जात होते. मला रडू आलं आणि तेवढाच रागही आला. पण बाथरूममधला नळ बंद झाल्याचा आवाज आला, तसे डोळे पुसले आणि प्रिंट काढायला लागले. शेऱ्याचा रकाना वगळावा का, असा विचार आला. मग म्हटलं, नाही. आता लपवालपवी बंद. सगळं छापलं, तीन प्रती.

रविवारी बाई आल्या. नववी रांग, उजव्या कडेने दुसरी, नुसती जमीन. त्या तिथे बसल्या आणि भावाशी अशा मराठीत बोलल्या की ती मी आजीनंतर ऐकली नव्हती. आम्ही लांब उभे राहिलो. मग त्या उठून पदर सावरत म्हणाल्या, "चल रं, आता वहिनीकडं ने मला."

बाबा जागचे हलले नाहीत. माझा पाय उचलला होता, पुढे होऊन दाखवायला. तो मी महत्प्रयासाने खाली ठेवला आणि हातातले कागद बाबांना दिले.

त्यांनी चष्मा लावला. पानावरून बोट सरकवत गेले आणि थांबले. शेरा वाचताना त्यांचे ओठ हलत होते, हे मला स्पष्ट दिसलं. मग कागद तसाच हातात धरून ते चालायला लागले, सहाव्या रांगेपाशी वळले, मोठ्याने मोजत गेले. एक, दोन, तीन. चौथ्या दगडापाशी उभे राहिले, तो हाताने पुसला आणि बराच वेळ वाचला.

मग मागे वळून माझ्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाले, "तू रडत नाहीयेस."

"नाही."

"म्हणजे तुला विचारलं तरी चालेल?"

"चालेल, बाबा," मी म्हटलं, "रोज विचारा."