दम धर

त्या सीझनला माझ्या बायकोने लेकीचा एकही सामना पाहिला नाही. मीच पाहू दिला नाही. कारण सांगायला आता लाज वाटते, पण सांगतो. ती खोलीत आली की लेकीचा संघ हरतो, असं मी ठरवून टाकलं होतं.

लेक पुण्यात कॉलेजला, कॉलेजच्या कबड्डी संघात चढाईला जाणारी. आम्ही दोघं इकडे कुवेतला, सालमियात तिसऱ्या मजल्यावर. मी एका बँकेच्या आयटीत आहे, बायको जाब्रियाच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढते. सामने बघायचे ते फोनवर. लेकीची रूममेट, परभणीकडची गुणी पोर, मैदानाच्या रेषेला चिकटून उभी राहायची आणि मला व्हिडिओ कॉल लावून द्यायची. हात हलायचा, मध्येच कुणाची तरी वेणी आडवी यायची, पण आवाज मात्र खणखणीत यायचा.

पहिला सामना मी एकट्याने पाहिला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, कान तुटलेल्या कपातून चहा पीत. जिंकले. दुसऱ्याला बायको शेजारी येऊन बसली, दोन गुणांनी गेला. तिसऱ्याला ती ड्यूटीवर होती, तो जिंकले. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. मी तिला म्हटलं, तू पनवती आहेस बघ. ती हसली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर सामना लागला की ती आपणहून आत जायची. अधूनमधून दाराशी येऊन विचारायची, कशी दिसतेय? मी फोनवरून नजर न काढता सांगायचो, मस्त.

अख्खा दिवस लोकांच्या छातीचे फोटो बघणारी बाई. आणि मी तिला भाजी चिरायला बसवलं.

मी स्वतः अलिबागकडचा. आमच्याकडे मुलगा चालायला लागला की कबड्डीच्या मैदानावर सोडतात. गुडघा गेला, पोट सुटलं, नोकरीने इथे आणून टाकलं, पण खाज काही गेली नाही. मुलगा नव्हता म्हणून मी लेकीला धरलं. हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी समुद्राकाठच्या वाळूत पायाने रेघा ओढायचो आणि तिला म्हणायचो, ये आता. फिरायला आलेली अरब कुटुंबं थांबून बघायची, हा जाडा माणूस पोरीसमोर हात पसरून नाचतोय तरी का म्हणून.

लेकीचं मराठी म्हणजे आनंदच. इथेच वाढलेली. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मग आम्हीही सुधारलो, म्हणजे बिघडलो. ‘थांब जरा’ गेलं, ‘वेट’ आलं. ‘घाई करू नकोस’ गेलं, ‘रिलॅक्स’ आलं. कबड्डीचे शब्द तेवढे तिच्याकडे अस्सल राहिले, कारण ते वाळूत शिकलेले. चढाई, पकड, लोण. आणि दम. एका श्वासात कबड्डी, कबड्डी म्हणत समोरच्यांच्या अंगणात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि तो श्वास तुटायच्या आत परत यायचं. तो श्वास म्हणजे दम. दम तुटला की बाद. तिला दम म्हणजे एवढंच ठाऊक होतं.

तिचा दम मी बोटांच्या पेरांवर मोजायचो. चार बोटांची बारा पेरं, अंगठा एकेकावर ठेवत जायचं. चढाईला तीस सेकंद मिळतात. सीझनच्या सुरुवातीला तिचा दम पेरांच्या दोन फेऱ्या सहज पुरायचा, वर चार-पाच पेरं शिल्लक. मला कोण अभिमान! ऑफिसात मॉनिटरला फोन टेकवून सामना बघायचो आणि टेबलाखाली अंगठा चालायचा.

चौथ्या सामन्याला दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत. दोन पेरं कमी पडली. म्हटलं, मीच भराभर मोजलं असेल. पाचव्याला सहा पेरं कमी. ती आत जायची, चटकन कुणाला तरी हात लावायची आणि परत. गुण येत होते. त्यांचे सर म्हणाले म्हणे, आता हुशारीने खेळतेय, उगाच रेंगाळत नाही. मीही तेच धरून बसलो. मनासारखं कारण कुणी हातात दिलं की माणूस ते सोडत नाही.

पण परत आल्यावर ती कमरेवर हात न ठेवता उजवी बरगडी दाबून उभी राहायची. ते मला दिसत होतं. फोनवर बोलताना ती मध्येच थांबायची, जिना चढून आल्यासारखी. खोकला होता. हॉस्टेलचं जेवण जात नाही म्हणाली. जर्सी अंगावर लोंबत होती. एकदा विचारलं तर म्हणाली, “बाबा, पकडीत लागलं असेल. आईला सांगू नका, ती लगेच एक्स-रे काढायला लावेल.” आम्ही दोघंही हसलो. मी नाही सांगितलं. सीझन संपला की बघू, मनाशी म्हटलं.

आमच्या इमारतीखाली एक बकाला आहे, म्हणजे वाण्याचं छोटं दुकान. चालवणारे चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, तरुणपणी गावच्या संघातून खेळलेले. एका संध्याकाळी मी दही घ्यायला गेलो आणि कौतुकाने सहाव्या सामन्याचं रेकॉर्डिंग त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन कानाशी नेला आणि नुसतं ऐकलं. चित्र बघितलंच नाही. मग फोन परत देत म्हणाले, “पोरीचा दम आखूड झालाय. शब्द अर्धे खातेय. डॉक्टरला दाखवलंत?”

माझं डोकं सटकलं. म्हटलं, चाचा, सामने तोंडावर आलेत आणि तुम्ही हे अभद्र काय बोलता? त्यांनी दह्याचा डबा पिशवीत घालून दिला. त्या दिवसापासून मी पलीकडच्या गल्लीतून सामान आणायला लागलो. बायकोने विचारलं तर सांगितलं, चाचांकडे दही आंबट असतं. राग चाचांचा नव्हता. त्यांनी एका झटक्यात ऐकलं ते मी महिनाभर मोजत होतो, त्याचा होता. रात्रंदिवस मनात काहीतरी कुरतडत होतं आणि मी त्यावर कान तुटलेला कप ठेवून बसलो होतो.

उपांत्य सामना शुक्रवारी आला, इथल्या सुट्टीच्या दिवशी. तिकडे दुपारचे चार, इथे दीड. त्या दिवशी धूळ उठली होती. समुद्र दिसत नव्हता, समोरची इमारतही अर्धीच दिसत होती, आणि बायकोने खिडक्यांच्या फटींना ओले पंचे लावले होते. मी खुर्चीत बसलो, कप घेतला. बायको न सांगताच आत गेली.

पहिल्या डावात लेकीची एक चढाई एका फेरीत आटोपली. बारा पेरं. पुढची नऊ. नवव्या पेरावर शिट्टी वाजली आणि पंचाने हात वर केला. दम तुटला, बाद. माझी लेक, दम तुटून बाद! ती बाहेर जाऊन बसली, तसा रूममेटने फोन तिच्याकडे वळवला. तोंड उघडं, खांदे वरखाली. देवाशपथ सांगतो, तेव्हा मला कळलं होतं. पण मध्यंतराला तिचा संघ तीनच गुणांनी मागे होता.

‘तिला बाहेर बसव’ असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. तेही अभद्रच वाटलं, शिवाय मला जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, तिने जरा सावकाश घ्यावं, दोन-चार चढाया दुसरीला जाऊ द्याव्यात, श्वास घ्यावा. एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. म्हणून आमच्याकडे जे म्हणतात तेच रूममेटला म्हणालो, “तिला सांग, दम धर.”

ती पोर लांबूनच ओरडली, बाबा म्हणतायत दम धर गं! मला स्वच्छ ऐकू आलं. लेकीने मान वर केली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि अंगठा दाखवला. मला हायसं वाटलं. ऐकते माझं, म्हटलं.

दुसऱ्या डावात ती खरंच बराच वेळ मागे राहिली. शेवटी अर्धं मिनिट उरलं, संघ एका गुणाने मागे, आणि लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई आली. तिसरी म्हणजे गुण आणायचाच, नाहीतर बाद. ती उठली. मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरली. कबड्डी, कबड्डी. एक फेरी झाली. ती कोपऱ्यात गेली, तिथून मधे आली, कुणी हाताला लागेना. दुसरी फेरी सुरू झाली. शब्द चिरके झाले होते, पण तुटत नव्हते. अंगठा पेरांवरून पळत होता. दुसरी फेरी संपली. पंचवीस, सव्वीस. तिने एकीच्या खांद्याला, दुसरीच्या मनगटाला हात मारला आणि मागे झेप घेतली. अठ्ठावीसला ती आपल्या बाजूला होती. दोन गुण.

मी खुर्चीतून उडालो. कप पडला आणि फुटला. सीझनभराचा नेम विसरून मी बायकोला हाक मारली, अगं ये लवकर, बघ, बघ कशी आणली ती. ती ओले हात पुसत धावत आली. फोन तिच्यासमोर धरला. मुली नाचत होत्या. लेक रेषेच्या अलीकडे उताणी पडली होती आणि मला वाटत होतं की आनंदाने पडलीय.

बायकोने एकदाच पाहिलं.

“हिचे ओठ बघा,” ती म्हणाली. “छातीची एकच बाजू हलतेय.”

मग तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि रूममेटला ज्या आवाजात सूचना दिल्या, तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. उठवून बसव, गर्दी हटव, गाडी बोलाव, कॉल बंद करू नकोस. गाडीत बसेपर्यंत ती बोलत होती. मी कपाचे तुकडे गोळा करत होतो. हाताला काहीतरी काम हवं होतं.

उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. टीबीचं. डॉक्टरांच्या मते काही आठवडे तरी साचत असणार, इतकं साचेपर्यंत घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. हे बायकोने मला पुण्यातून फोनवर सांगितलं. मिळालेल्या पहिल्या विमानाने तीच गेली होती, मला रजा दोन दिवसांनी मिळायची होती. तिने विचारलं, तुम्हाला कधीपासून दिसत होतं? मी म्हटलं, चौथ्या सामन्यापासून. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, लेकीला बोलायचंय, आणि फोन फिरवला.

बरगडीतून नळी निघालेली, नाकाला ऑक्सिजन, चेहरा एवढासा. मला पाहून ती हसली. दोन शब्द बोलून थांबत होती.

“बाबा, तुम्ही म्हणालात ना, दम धर. मी धरला. सोडलाच नाही. तुम्ही मोजलात?”

बाजूला बायको उभी होती. रूममेटही. ती परभणीची पोर मान खाली घालून रडत होती. तिला शब्दाचा अर्थ ठाऊक होता, म्हणून तर बिचारीने तो तसाच पोचवला.

“मोजला,” मी म्हणालो. “अठ्ठावीस.”

लेकीने डोळे मिटले, समाधानाने. तुला थांब म्हणालो होतो, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही आणि अजूनही सांगितलेलं नाही.

आता लेक पुण्यातच मावशीकडे आहे. सहा महिन्यांच्या गोळ्या चालू आहेत. पाणी काढलं, ताप गेला, पण फुप्फुस पूर्ण उघडेल की नाही ते डॉक्टर अजून छातीठोक सांगत नाहीत. मी चाचांकडे गेलो होतो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते, दही द्या. त्यांनी दिलं आणि पोर कशी आहे ते विचारलं.

लेक रोज फोन करते. बोलायला लागली की माझा अंगठा आपोआप पेरांवर जातो. एका वाक्याला किती पेरं, मग श्वास. काल चौदापर्यंत गेली. आणि मग म्हणाली, “बाबा, नेक्स्ट सीझनला मी खेळणार. प्रॅक्टिस कधी सुरू करू?”

बायको शेजारीच बसून ऐकत होती. माझ्या ओठावर तेच दोन शब्द आले, जे माझ्या बापाने मला आणि त्याच्या बापाने त्याला हजारदा सांगितले असतील. ते मी गिळले.

“वेट,” मी म्हणालो. “वेट कर, बाळा.”