गाडीच्या नाकाला पदर

माझी उस्ताद आज सकाळी गेली.

तिने आयुष्यात एकदाही गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं.

पंचफुलामावशी. नेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बावीस हंगाम रुईच्या धुळीत राबलेली बाई. माझं पहिलं गॅरेज म्हणजे चार टिनं आणि एक कडूलिंब. त्याच्यासमोरून ती रोज डबा घेऊन कामावर जायची.

ज्यांनी माझं आजचं वर्कशॉपच पाहिलं आहे, त्यांच्यासाठी लिहितो.

कापसाची ती वाईट वर्षं. जो तो कामासाठी पुण्याच्या गाडीत बसत होता. गाड्या दुरुस्त करून कोण घेणार? माझ्याकडे काम एकाच माणसाचं, जिनिंगच्या शेठचं. दोन टेम्पो, एक ट्रॅक्टर आणि त्यांचा जीव की प्राण असलेली कॉन्टेसा कार.

लांबलचक बॉनेट, रुंद छाती. आपल्या भागातली मसल कारच म्हणा ना.

शेठ म्हणाले, "चढावर दम टाकते बे. काहीतरी कर."

कान माझे लहानपणापासून तिखट. रेस दिली आणि ऐकलं. इंजिनला हवा कमी पडत होती. हवा आत घेणारी नळी अरुंद, त्यात तडकलेली.

नागपुरात एका गाडीला जाडजूड इनटेक पाइप लावलेला मी पाहिला होता. तो नेरमध्ये कुठून आणायचा? कृषी दुकानातून मोटरपंपाचा सक्शन पाइप आणला. कापला, क्लॅम्प मारले आणि तोंड थेट समोरच्या ग्रिलमागे काढलं.

काय आवाज! पहिल्याच रेसला लिंबावरचे कावळे उडाले.

शेठ खूश. मी तर जमिनीवरच नव्हतो.

चौथ्या दिवशी गाडी जिनिंगच्या आवारात बंद पडली. मागून काळा धूर.

फिल्टर काढून पाहतो तर रजई! आवारात उडणारी रुई माझ्या पाइपने गपागप ओढली होती.

साफ केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली. रुईचा थर जाळीवरच बसला आणि गाडी दहा मिनिटांत ठप्प. तीही बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसमोर, शेठ त्यांना घेऊन निघताना.

"उद्या दुपारपर्यंत," शेठ मला म्हणाले. "नाही तं गाडी नागपूरले. अन् टेम्पो, ट्रॅक्टरबी तिकडंच."

म्हणजे माझं दुकान संपलं. पुण्याच्या गाडीत मीही.

तिथेच आवारात बॉनेट उघडून बसलो. जेवणाची सुट्टी झाली. बाया बाहेर आल्या. मावशी नाकावरचा पदर सोडत माझ्याजवळ थांबली.

"काहून रे, तोंड उतरलं?"

"गाडीचा श्वास कोंडून राह्यला, मावशी." हवा कुठून जाते ते मी बोटाने दाखवलं.

"म्हंजे हे तिचं नाक व्हय?"

"हो."

"मंग ते रुईत खुपसून कायले ठेवलं? आम्ही वाऱ्याकडं पाठ करून उभ्या राह्यतो. येड्या आहो का आम्ही?"

मागच्या बाया हसल्या. एक ओरडली, "मिस्त्रीले सांग, पदर बांध म्हणा गाडीले!"

"बांधला होता न, जाळीचा," मी चिडून म्हणालो. "त्यानं तं अजून गुदमरली."

"नाकाले चिटकवून बांधला असशीन." मावशीने पदर पुन्हा नाकावर घेऊन दाखवला. मोकळा, फुगलेला. "असा ढिला पाह्यजे. कपडा जास्त घ्याचा. अन् घंट्या-दोन घंट्यानं झटकाचा. नाही झटकला तं माणूसबी बंद पडते."

मी तिच्या पदराकडे पाहतच राहिलो. बायांच्या त्या रांगेसमोरून मी वर्षभर टेम्पो नेत होतो. कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावर येताना तिने जुन्या पातळाची पिशवी शिवून आणली. उशीच्या खोळीएवढी, गुलाबी फुलांची, तोंडाला नाडीसुद्धा.

मी पाइपाचं तोंड मागे वळवलं, मडगार्डच्या पोकळीत. वर पिशवी बांधली. ढिली.

दुपारपर्यंत गाडी कापसाच्या गंजीशेजारी चालू ठेवली. एकदाही खोकली नाही. मग शेठ बसले, यवतमाळला जाऊन आले आणि गेटपासूनच हॉर्न वाजवत आत शिरले.

"चढ तं खाऊन टाकला तिनं. पण मिस्त्री, आवाज कमी झाला बे."

"पदराआडून बोलून राह्यली, शेठ."

शेठ पोट धरून हसले. टेम्पो राहिले, ट्रॅक्टर राहिला. मीही राहिलो.

पुढे आर्णी, बोरी अरबपासून लोक यायचे. "मिस्त्री, तो पदर बसवून द्या." पिशव्या सगळ्या मावशीच्या हातच्या. आजही माझ्याकडे त्या पिशवीला पदरच म्हणतात. नव्या मेकॅनिकला तर ते कंपनीचं नाव वाटतं.

गेल्या महिन्यात मावशीला भेटायला गेलो होतो. दारातूनच तिचा श्वास ऐकू आला. कॉन्टेसाचा त्या दिवशी होता, तसाच.

बावीस हंगामांची रुई. आणि माझे हे तिखट कान इतकी वर्षं कुठे होते?

नाकात ऑक्सिजनची नळी. मला पाहून डोळ्यांनी हसली.

"पाह्य रे, मलेबी पाइप बसवला."

मला हसता येईना.

"कायले रडतं बे? दुकान चालू हाय न?"

"चालू आहे, मावशी. तुह्यामुळं."

"मंग झालं तं."

आज तिला पोचवून आलो आणि दुकान उघडलं. बंद ठेवलं असतं तर तीच ओरडली असती. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा पदर स्वतः सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

ढिला बांधला, मावशी.

जयभीम.