न ऐकू आलेलं हाव

गाव सोडलं त्या दिवशी मी वांग्यांच्या क्रेटवर बसून गेले. हैदराबादची गाडी वर्ध्याहून दुपारची होती, पण आमचा छोटा हत्ती टेम्पो भाजी घेऊन पहाटेच निघतो, आणि एका पोरीसाठी दुसरी खेप मारणं आठ घरांच्या सामायिक गाडीला परवडणारं नव्हतं. पुढे दादा आणि शेजारचे गुलाबकाका. मागे मी, माझी सुटकेस, वांगी, पालक आणि ओला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. नाचणगाव मागे पडताना डोळे भरून यायला हवे होते, पण माझं सगळं लक्ष सुटकेसवर सांबाराचं पाणी गळत होतं तिकडे. सकाळभर वर्ध्याच्या बाजारात दादाच्या बाजूला बसून मी पालकाच्या जुड्या विकल्या आणि दुपारी हात धुऊन नोकरीला निघून गेले.

नोकरी कसली, तर 'कम्युनिटी मॅनेजर'. घरपोच किराणा देणाऱ्या एका ॲपची कंपनी. हे पद गावात कोणाला समजावता आलं नाही. आई शेजारपाजारी सांगायची, "लोकायले जोडून ठेवाचं काम हाये तिचं." तिला वाटायचं, पोरगी काही पुण्यकर्म करते. मीही तो गैरसमज तसाच राहू दिला, कारण सुरुवातीला माझाही तोच होता.

निघताना आई एवढंच म्हणाली होती, "कोनाच्या घरी गेली तं रिकाम्या हातानं जाऊ नको." बाबा मात्र गाडीजवळ जमलेल्या आठ घरच्या माणसांसमोर बोलले. "हिची चूल तिकडं पेटन, पन मोजू इथंच." आमचा भाजीवाल्यांचा गट आठ चुलींचा. गाडी एक, फवारणीचे पंप सामायिक, बाजाराची पाळी ठरलेली. विहिरीलगतचा एक तुकडा बाबांनी माझ्या नावे केला होता, म्हणून त्यांनी मला नववी चूल धरलं. पोरीला असं मोजायची आमच्याकडे रीत नाही. गुलाबकाकांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव."

या शब्दावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून तो आधी सांगून टाकते. तुम्ही जे गावाकडे मागे राहिलात त्यांना सांगायची गरज नाही. जे माझ्यासारखे निघालात त्यांनी तो निघाल्यावर लगेच गिळला असेल, मीही गिळला. वर्ध्याकडे हाव म्हणजे हो. बाकीच्या महाराष्ट्रात हाव म्हणजे लोभ. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात एका पुणेकर मुलीला मी "हाव" म्हटलं तर ती हसून म्हणाली, "कसली हाव सुटली गं तुला?" तेव्हापासून मी 'हो' म्हणायला शिकले आणि मिटिंगमध्ये 'येस'. गंमत म्हणजे खाली रस्त्यावर आल्यावर हैदराबादचा रिक्षावाला "हौ" म्हणायचा आणि मला उगाच वाटायचं की हा आपल्याच गावचा. त्या एका शब्दापायी मी किती रिक्षावाल्यांना जास्त पैसे दिले असतील देव जाणे.

आमच्या गटाची रीत अशी. काही ठरवायचं असलं की गुलाबकाकांच्या ओट्यावर बैठक. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या नाहीत. एकेका चुलीला विचारायचं, "तुहं काय?" पटलं असेल त्यानं मोठ्यानं हाव म्हणायचं. पटलं नसेल त्यानं गप राहायचं, आणि एक जरी गप राहिला तरी विषय संपला. कारण कोणी विचारायचं नाही. लहानपणी मी बाबांना म्हटलं होतं की नाही म्हणायला काय जातं, सरळ नाही म्हणावं. बाबा म्हणाले, "रोज ज्याच्या बांधावरून जाचं, त्याले तोंडावर नाई म्हननं जड जाते बापा. म्हून गप राह्यला का समजून घ्याचं."

ऑफिसात बरोबर याच्या उलट. तिथे बॉस स्क्रीनवर एक योजना दाखवतो, म्हणतो, "कोणाचं ऑब्जेक्शन? नाही ना? ग्रेट," आणि सगळ्यांच्या गप बसण्याचा होकार होऊन जातो. आमची जी मुलं मोटरसायकलवर सामान पोचवतात, त्यांना आम्ही 'पार्टनर' म्हणतो. पार्टनरना त्यांच्या कामाचे नवे नियम मोबाइलवर येतात, खाली 'पुढे जा' एवढं एकच बटण असतं. ते दाबलं की झाली संमती. त्या पार्टनर लोकांच्या ग्रुपमध्ये सणासुदीला शुभेच्छा टाकणं, कोणी चिडला की त्याला थंड करणं, हे माझं काम. शेअर, कम्युनिटी, पार्टनर. शब्द सगळे आमच्या ओट्यावरचे वाटतात. पण आमच्या आठ चुलींतल्या कोणाला उद्या सकाळी मोबाइलवर कळत नाही की आजपासून तू आमच्यात नाहीस.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते मला अजून उलगडत नाही, म्हणून तर लिहायला बसले.

गेल्या हिवाळ्यात गावात एक माणूस आला. आमच्या कंपनीचा नव्हे, आमच्यासारख्याच दुसऱ्या एका कंपनीचा. शहरात भाजी पोचवणारं ॲप. त्यानं सांगितलं, पुलगावजवळ आम्ही संकलन केंद्र काढतो, तुमच्या सगळ्या घरांची सगळी भाजी घेऊ, भाव आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळेल, तुम्ही बाजारात जायची गरज नाही. अट एकच, दुसऱ्या कोणाला विकायची नाही. म्हणजे छोटा हत्ती विकून टाकायचा. म्हणजे वर्ध्याच्या बाजारातली आमची जागा सोडायची. ती एकदा गेली की परत मिळत नाही.

दादाला हे हवं होतं. गाडी तोच चालवतो. पहाटे उठून उठून त्याची कंबर गेली आहे, उतरताना दाराला धरून क्षणभर तसाच उभा राहतो. वहिनी फोनवर मला म्हणाली, "आता तं बूट घालाले बी मीच लागते यायले." मला दादाचं ते दाराला धरून उभं राहणं दिसत राहिलं. आणि हेही दिसत होतं की पहिल्या हंगामात भाव बरा मिळेल, दुसऱ्यात दोडकं वाकडं म्हणून परत येईल, तिसऱ्यात ते केंद्रच दुसरीकडे जाईल. मी रोज हीच कामं बघते. दोन्ही गोष्टी मला सारख्याच ठसठशीत दिसत होत्या आणि एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

बैठक रविवारी होती. माझ्या नावचा तुकडा करारात येणार म्हणून मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. वहिनीनं फोन खांबाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला सगळे थोडे तिरके दिसत होते. मी ऑफिसच्या सवयीनं माईक बंद करून बसले होते. तिथे चांगल्या वागणुकीची ती पहिली खूण आहे.

गुलाबकाका एकेकाला विचारत गेले. त्यांनी स्वतः हाव म्हटलं. पलीकडच्या ओळीनं हाव म्हटलं, पण कसं, तर घशात अडकलेलं बाहेर काढावं तसं. बाबांची पाळी आली. हा गट उभा करायला ज्यांनी आयुष्य घातलं, ते बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "गाडी चालवनारा तो हाये. मी काय म्हनू. हाव." दादानंही हाव म्हटलं. मग सगळे फोनकडे वळले. "वैशू, तुहं काय?"

मी डोळे मिटले आणि हाव म्हटलं. मोठ्यानं, स्पष्ट. खूप वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला होता. मी डोळे उघडले तर पलीकडे सगळे अजून माझ्याकडेच बघत होते. मग गुलाबकाकांनी टोपी झटकली, म्हणाले, "बरं, झालं तं मंग," आणि माणसं उठायला लागली. पोरांनी सतरंजी ओढली. तेव्हा माझं लक्ष स्क्रीनच्या खालच्या लाल खुणेकडे गेलं. माईक बंद होता. मी तो चालू करेपर्यंत वहिनीनं फोन उचलला होता आणि ओट्यावर चहा फिरत होता. सगळे एकदम मोकळे हसत होते. इतकी हलकी झालेली माणसं मी कितीक दिवसांत पाहिली नव्हती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. वहिनी म्हणाली, "ताई, ठेवू का?" आणि कॉल संपला.

तर असं झालं. माझ्या न ऐकू आलेल्या होकारानं तो करार मोडला.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. त्याला एवढं तरी खरं कळायला हवं होतं. म्हटलं, "दादा, मी हाव म्हटलं होतं. माईक बंद राहिला." तो म्हणाला, "मालूम हाये. तुहे ओठ हलताना दिसले मले."

"मग सांगितलं काऊन नाही तू? तुलाच तर हवं होतं."

"म्हनत होतो. कंबर दुखते तवा म्हनतो." मग म्हणाला, "कोनालेच नको होतं वैशू. पन गप कोन राहीन? जो गप राहीन, त्यानं माह्या कंबरेचा इचार नाई केला, असं होते ना. तू दूर हायेस. तुह्यावर राग धरून कोन काय करन?"

मी विचारलं, "आणि तुझ्या कंबरेचं?"

"पट्टा घेतला हाये," तो म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवून दिला.

त्यानंतर मी कितीतरी दिवस स्वतःशीच भांडत होते. मला वाईट वाटायला हवं की बरं? आठ घरांनी आपला नकार माझ्या तोंडात ठेवला. मला विचारलंही नाही. हे तर आमच्या बॉससारखंच झालं, नाही का? गप बसलेल्या माणसाच्या गप बसण्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावायचा. रात्रंदिवस ज्या गोष्टीला मी ऑफिसात मनातल्या मनात शिव्या घालते, तीच माझ्या माणसांनी केली. पण बॉसनं केलं तेव्हा मी आतून आकसले, आणि यांनी केलं तेव्हा कुठेतरी सुखावलेही. का, ते सांगता येत नाही. कदाचित मी नऊ चुलींत खरीच मोजली जाते हे पहिल्यांदा कळलं म्हणून. कदाचित मी इतकी दूर गेले आहे की माझ्यावर रागावलं काय, न रागावलं काय, सारखंच, हे कळलं म्हणून. यातलं कोणतं, यावर मी रोज वेगळं उत्तर देते. आणि मी हाव म्हटलं ते तरी कशापायी? दादाच्या कंबरेसाठी, की हा गावाचा प्रश्न एकदाचा मिटावा आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं या हावेपोटी? ऑफिसातली ती मुलगी बरोबरच हसली होती म्हणायची.

शेवटी बाबांना फोन केला. ते फोनपासून लांब बसले होते, त्यांना ओठ दिसले नव्हते. ते गावभर सांगत होते की माझ्या पोट्टीनं गट वाचवला. ते मला सहन होईना. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "मंग तं ते खोटं झालं बाई. ज्यानं हाव म्हटलं, त्याले नाई धरता येत नाई. कंपनीचा मानूस अजून पुलगावातच हाये. मी आज सगळ्याईले पुन्हा बोलावतो." आणि मग, बैठकीत विचारतात त्याच आवाजात, "आता सांग. तुहं काय?"

माईक चालू होता. मी दोनदा तपासलं. दादाची कंबर माझ्या डोळ्यांसमोर होती, दुसऱ्या हंगामातलं परत आलेलं दोडकं होतं, चहा पिताना हसणारी माणसं होती. मी तोंड उघडलं. 'हाव' ओठांपर्यंत आलं. मला खरंच म्हणायचं होतं. नाही म्हणायचंही होतं. आणि मी काहीच म्हटलं नाही.

बाबा थांबले. मिनिटभर थांबले असतील, जास्तही असेल. पलीकडे अंगणात कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. ऑफिसात एवढी शांतता पडली की कोणीतरी विचारतं, 'हॅलो, आवाज येतोय ना?' बाबांनी तसं विचारलं नाही.

तुम्ही जे राहिलात आणि तुम्ही जे निघालात, तुम्ही दोघंही मला विचारता की आता घर कुठलं, इथलं की तिथलं. मला माहीत नाही. त्या दिवशी मी गप राहिले ती पटलं नाही म्हणून, की ठरवता आलं नाही म्हणून, हेही मला माहीत नाही. घर म्हणजे काय, हे मला त्या फोनपुरतंच सांगता येईल. तिथे पलीकडचा माणूस मी काही बोलावं म्हणून थांबला नव्हता. माझं गप राहणं पुरं होऊ द्यावं म्हणून थांबला होता.

मग बाबा म्हणाले, "समजलं," आणि विचारलं, "जेवली का?"