फुटाला एक सूत

मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी त्यांच्या विणाई खात्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायला घेतली. प्रमाण ठरलं फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आई म्हणाली, “सूत असतं तर मिल बंद झाली असती का?” वडील हसले.

पाठच्या भिंतीला खिडक्या किती, हे त्यांना आठवेना. वीस वर्षं त्या भिंतीकडे पाठ करूनच माग चालवला होता. ते परदेशीपुऱ्यात मिलवर गेले. गेटवरच्या चौकीदाराने त्यांना आत सोडलं नाही, पण तो स्वतः मोजून आला.

“नऊ आहेत, भिया.”

“त्यातली माझ्या मागापाशी कुठली?”

“कौनसा माग? सगळे उचलून नेले ना.”

घरी येऊन वडिलांनी नऊ खिडक्या कापल्या. माग केले नाहीत.